घरच्या रेकॉर्डिंगसाठी परवडणारा लार्ज डायफ्राम कंडेन्सर माइक कसा निवडावा

घरी अभंग रेकॉर्ड करायचा असो, कथावाचन असो की पॉडकास्ट, "कोणता माइक घेऊ?" हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. मी उलट दोन प्रश्न विचारते: काय रेकॉर्ड करणार, आणि कुठे बसून करणार? ही दोन उत्तरं नीट मिळाली की माइकची लांबलचक यादी दोन-तीन नावांवर येऊन थांबते. आधी माइक आणून मग जागा शोधायला गेलं, तर वीस हजारांच्या माइकमध्येही शेजारचा मिक्सर आणि खालची रिक्षा तितक्याच स्पष्ट ऐकू येतात.

हा लेख माइक, इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी), स्टँड सगळं धरून पंधरा ते चाळीस हजारांत बसवायचंय अशांसाठी आहे. एवढ्या पैशांत आज खरोखर स्वच्छ, प्रसिद्ध करण्याजोगं रेकॉर्डिंग होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त पैसे योग्य ठिकाणी पडले पाहिजेत.

आधी खोली ऐका

ज्या वेळी रेकॉर्ड करणार त्याच वेळी, त्याच जागी फोन ठेवा आणि एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. मग हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐका. पंखा बंद केल्यावरही काय उरतं? फ्रिजचा कॉम्प्रेसर, वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटर, रस्ता, इन्व्हर्टरची गुणगुण. पंख्याचा रेग्युलेटर आणि मंद करता येणारे दिवे हेही बारीक गुंजारव करतात आणि तो माइकच्या तारेतही उतरू शकतो. जे बंद करता येतं ते बंद करून पुन्हा एक मिनिट घ्या. उरलं ते तुमच्या खोलीचं खरं रूप.

कंडेन्सर माइकचा पडदा, म्हणजे डायफ्राम, काही मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावर सोन्याचा अतिपातळ मुलामा असतो. तो बारीकसारीक सगळं टिपतो, आणि आपल्याला तो हवा असतो तेवढ्याचसाठी. पण खोली दुसऱ्या तऱ्हेनेही बोलते: भिंतींवरून परतणारा आवाज. टाळी वाजवून पाहा. टाळीमागे 'टर्र' असा फडफडता प्रतिध्वनी ऐकू आला, तर तो तुमच्या प्रत्येक शब्दामागे येणार. माइक कोणताही घ्या, तो जाणार नाही.

त्यावरचा इलाज घरातच असतो. कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट, भिंतीला उभी केलेली कापसाची गादी, दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या. बाजारात मिळणारा इंचभर जाडीचा फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. खालची घुमणी तशीच राहते आणि खोली आणखी कोंदट वाटू लागते. गोधडी कुठे टांगायची हे महत्त्वाचं. बहुतेक जण ती माइकच्या मागे टांगतात. कार्डिऑइड, म्हणजे एकाच दिशेचा, माइक समोरचं ऐकतो, म्हणजे तुम्ही आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून जाड गोधडी तुमच्या पाठीमागे हवी, आणि दुसरी शक्य असल्यास डोक्यावर.

एवढं करूनही खोली गप्प होत नसेल, म्हणजे घर सिग्नलवर आहे किंवा एकाच खोलीत सगळं कुटुंब वावरतं, तर लार्ज डायफ्राम कंडेन्सरचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि चांगला डायनॅमिक माइक (मंचावर हातात धरतात तसा) घ्या. शूअरचा एसएम५८ हा १९६६ पासून जगभरच्या मंचांवर आहे तो उगाच नाही. मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. "डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज घेत नाही" असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. तो कमी संवेदनशील असतो आणि आपण तो ओठांशी धरतो. फायदा मुख्यतः त्या जवळिकीचा असतो. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डीबीने (डेसिबलने) वाढतो आणि खोलीचा आवाज तेवढाच राहतो. हा नियम कंडेन्सरलाही लागू आहे.

'लार्ज' म्हणजे किती मोठा?

कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये ताणलेला पडदा आणि त्यामागे एक स्थिर धातूची चकती असते. दोन्हींमध्ये विद्युतभार ठेवला की पडदा हलताच कपॅसिटन्स बदलतो, आणि तोच बदल पुढे आवाजाचा संकेत बनतो. हे तत्त्व वापरून ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये माइक बनवला. बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमान यांचा सीएमव्ही३ १९२८ मध्ये बाजारात आला, आणि १९४९ चा यू४७, १९६७ चा यू८७ या त्याच घराण्यातल्या माइकांनी 'स्टुडिओतला आवाज' म्हणजे काय हे ठरवून टाकलं. आजचे स्वस्त माइक दिसायला त्यांच्यासारखे असतात, ते याच कारणाने.

लार्ज डायफ्राम म्हणजे ढोबळमानाने एक इंचाचा, २५ मिमीच्या आसपासचा पडदा. पडदा मोठा असला की त्याच आवाजातून जास्त संकेत मिळतो आणि माइकची स्वतःची सरसर तुलनेने खाली राहते. शिवाय जवळून बोललं की आवाजाला एक भरीवपणा येतो. पण बाहेरचं नळकांडं मोठं म्हणजे आतला पडदा मोठा, असं नसतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० मध्ये पडदा १६ मिमीचा आहे. तो माइक चांगलाच आहे. फक्त आपण काय घेतोय हे माहीत असावं.

दुकानात माइक हाताळायला मिळाला तर फोनचा टॉर्च जाळीच्या एका बाजूने धरा आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावून पाहा. खऱ्या लार्ज डायफ्राममध्ये रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून मोठी सोनेरी चकती दिसते. तिच्या कडेने बारीक स्क्रूंची रांग असते आणि पुष्कळदा मधोमध एक तार जोडलेली असते. दोन-तीन हजारांत शॉक माउंट (माइकला धक्के लागू न देणारी लवचिक पकड), स्टँड, फोमसकट संच म्हणून विकल्या जाणाऱ्या बीएम-८०० जातीच्या माइकमध्ये त्याच जागी एक लहानशी डबी दिसते, आजूबाजूला सगळी मोकळी जागा. तो पैसा मी अजिबात खर्च करणार नाही. त्यापेक्षा फोनला लावायचा बरा कॉलर माइक कथावाचनासाठी जास्त उपयोगी पडेल.

'ट्रू कंडेन्सर' आणि 'इलेक्ट्रेट' या वादात फार वेळ घालवू नका. इलेक्ट्रेटमध्ये विद्युतभार कायमचा साठवलेला असतो, दुसऱ्यात तो बाहेरून दिला जातो. एटी२०२० आणि एटी२०३५ दोन्ही कायमच्या भाराचे आहेत आणि उत्तम चालतात. इलेक्ट्रेट म्हणून माइक वाईट ठरत नाही, निकृष्ट बांधणीमुळे ठरतो.

माहितीपत्रक वाचताना

आकडे पुष्कळ असतात, पण निर्णय फिरवणारा आकडा प्रामुख्याने एकच: सेल्फ नॉइज. प्रत्येक कंडेन्सर माइकच्या आतल्या सर्किटची स्वतःची बारीक सरसर असते, ती डीबी-ए मध्ये (कानाच्या संवेदनशीलतेनुसार जुळवलेल्या डेसिबलमध्ये) मोजतात. कमी तितकी चांगली. काही कंपन्या त्याऐवजी सिग्नल-टू-नॉइज रेशो छापतात. तो ९४ मधून वजा केला की सेल्फ नॉइज मिळतो. ७४ लिहिलं असेल तर सरसर २०. काही पत्रकांवर ए-वेटेड (म्हणजे डीबी-ए) आणि सीसीआयआर अशा दोन पद्धतींनी मोजलेले दोन आकडे असतात. सीसीआयआरचा आकडा त्याच माइकसाठी दहा-बारा डीबीने मोठा दिसतो, म्हणून तुलना ए-वेटेडची ए-वेटेडशीच करा.

आता प्रत्यक्ष आकडे. एटी२०२० चा सेल्फ नॉइज २०, एटी२०३५ चा १२, रोड कंपनीच्या एनटी१-ए चा ५ आणि पाचव्या पिढीच्या एनटी१ चा ४. नॉयमानचा टीएलएम १०३ यांच्यापेक्षा कितीतरी पट महाग आहे आणि त्याचा ७. म्हणजे शांतता विकत घ्यायला लाखभर रुपये लागत नाहीत. महाग माइकमध्ये मिळतं ते वेगळं काही: आवाजाचा पोत, बांधणीतलं सातत्य, वीस-तीस वर्षांनीही होणारी दुरुस्ती.

पण २० आणि ४ मधला फरक तुमच्या घरी ऐकू येईल का? रात्री पंखा बंद करून तुमच्या फ्लॅटमध्ये ३० डीबी-ए आवाज उरतो असं धरू. त्यात माइकचे २० मिसळले तर बेरीज साधारण ३०.४ होते. माइकचे ४ मिसळले तर ३० च राहते. आकड्यांत फरक अर्ध्या डीबीचाही नाही. तरीही माझा सल्ला इथे थांबत नाही, कारण खोलीचा आवाज बहुतेक खालच्या पट्टीतली घरघर असते आणि माइकचा आवाज वरच्या पट्टीतली सरसर. संपादन करताना ८० हर्ट्झखालचं कापलं की घरघर बरीचशी जाते, सरसर तशीच राहते. त्यावर कंप्रेसर (आवाजाचे चढउतार कमी करणारं संपादनातलं साधन) लावून आवाज वर आणला की तीही वर येते.

म्हणून मी असं धरते: मोकळ्या गळ्याने गाणं, पोवाडा, तबला, ढोलकी, हार्मोनियम यांना २० चा माइक पुरतो. रोजच्या बोलण्याच्या पॉडकास्टला १५-१६ पर्यंत काही अडचण नाही. हळू आवाजातलं कवितावाचन, ध्वनिपुस्तक, तानपुरा किंवा हलक्या हाताने वाजणारी सतार असेल तर १० च्या खालचाच घ्या. तिथे शब्दांमधल्या शांततेलाही अर्थ असतो आणि सरसर नेमकी तिथेच उघडी पडते.

सर्वाधिक ध्वनिदाब, म्हणजे माइक किती जोराचा आवाज न फाटता घेतो, हा आकडा या गटातल्या जवळजवळ सगळ्या माइकांचा १३० डीबीच्या वर असतो. घरगुती कामाला तो पुरेसा आहे. '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' हे सगळेच लिहितात; सोबत किती डीबीचा चढउतार हे नसेल तर त्या ओळीला अर्थ नाही. बघायचा असतो तो माइक कोणत्या पट्टीत किती चढतो-उतरतो हे दाखवणारा आलेख, आणि त्यासाठी थोडं थांबून समजून घ्यायला हवं.

स्वस्त माइक टोचतात का?

पुष्कळशा परवडणाऱ्या माइकांमधलं कॅप्सूल नॉयमानच्या १९६० च्या यू६७ मधल्या के६७ कॅप्सूलच्या धर्तीवर बनवलेलं असतं. त्या कॅप्सूलचा स्वभाव मुळात वरच्या पट्टीत चढा आहे. मूळ माइकमध्ये तो चढ सर्किटमधून मुद्दाम खाली आणलेला असतो. कॅप्सूल आणि सर्किट एकमेकांसाठी घडवलेले. स्वस्त नकलेत मात्र तेच चढं कॅप्सूल सरळसोट सर्किटला जोडलेलं असतं. मग वरची पट्टी बेधडक बाहेर येते. पहिल्यांदा ऐकताना "वा, काय स्पष्ट!" असं वाटतं आणि अर्ध्या तासाने कान दुखतात.

मराठी बोलणाऱ्याला हे जास्त जाणवतं, कारण आपल्या बोलण्यात स, श, ष यांच्या जोडीला 'चमचा'तला दंत्य च आणि 'झरा'तला झ सतत येतात. हे सगळे वर्ण ढोबळमानाने ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये सळसळतात. आलेखात नेमका तिथे पाच-सहा डीबीचा डोंगर असेल आणि तुमचा आवाज मुळात पातळ किंवा धारदार असेल, तर तो माइक सोडून द्या. आवाज जाड, थोडा घोगरा असेल तर हाच डोंगर उपकारक ठरतो, शब्द उघडतात. एकच माइक एकाला शोभतो आणि दुसऱ्याला टोचतो, त्याचं कारण हे.

ऐकून पारखण्यासाठी दोन वाक्यं हाताशी ठेवा. पहिलं: "सासूबाईंनी श्रावणात चमचमीत चकल्या, शेव आणि साटोऱ्या केल्या." दुसरं: "पावसात भिजलेल्या फांदीवर पोपट फडफडला." पहिल्यात शीळ घातल्यासारखा सकार येतो का ते ऐका. दुसऱ्यात प, फ, भ यांच्या हवेचा धक्का पडद्यावर 'धप्प' आपटतो का ते. यूट्यूबवरच्या तुलना इंग्रजी बोलणाऱ्यांच्या असतात आणि त्यात खोली, प्री-अँप (माइकचा संकेत मोठा करणारं सर्किट), संपादन सगळंच वेगळं. त्यावरून पोताची कल्पना येते, निर्णय तुमच्याच आवाजावर घ्या. मुंबईत धोबी तलावच्या फर्टाडोससारख्या वाद्यांच्या मोठ्या दुकानांत विचारून पाहा. आपले हेडफोन सोबत न्या.

फँटम पॉवर, इंटरफेस आणि बाकीचा खर्च

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, आणि ते माइकच्याच केबलमधून जातात; यालाच फँटम पॉवर म्हणतात. हा ४८ चा आकडा आला नॉर्वेहून. १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी नॉयमानने नवे ट्रान्झिस्टरचे माइक तयार केले, तेव्हा तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच बसवलेला होता. तोच वापरला गेला आणि पुढे जगाचा मापदंड झाला. आपल्यासाठी यातला कामाचा भाग एवढा की इंटरफेसवर '४८ व्ही' असं स्पष्ट लिहिलेलं बटण हवं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात थेट खुपसायची केबल देणारे संच पूर्ण ४८ व्होल्ट देत नाहीत.

यूएसबी माइक घ्यावा का? तुम्ही एकटेच बोलणार, दुसरा माइक कधीच लागणार नाही आणि टेबलावर तारांचा पसारा नको असेल तर जरूर. गाण्यासोबत पेटी-तबला वेगवेगळे घ्यायची इच्छा असेल तर एक्सएलआर (तीन पिनांच्या जोडणीचा) माइक आणि दोन इनपुटांचा इंटरफेस. पाचव्या पिढीच्या रोड एनटी१ मध्ये दोन्ही सोयी आहेत, हे त्याचं मोठं बलस्थान: आज यूएसबीवर सुरुवात करा, इंटरफेस पुढच्या वर्षी घ्या.

इंटरफेसमध्ये फोकसराइट स्कार्लेट सोलो (एकाच माइकसाठी) किंवा २आय२, ऑडियंट ईव्हीओ ४, मोटू एम२ यांपैकी काहीही पुरेल. बेहरिंगरचे यूएमसी मालिकेतले त्याहून स्वस्त पडतात. कंडेन्सर माइकचा संकेत दमदार असतो, त्यामुळे महागड्या प्री-अँपची इथे गरज नाही.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा: आधी खोलीची शांतता, मग मजबूत स्टँड आणि पॉप फिल्टर (प-फ-भ ची हवा अडवणारी जाळी), मग इंटरफेस, आणि उरलेले पैसे माइकला. शॉक माउंटसकट माइक सहज अर्ध्या किलोच्या आसपास जातो. टेबलाला चिमट्याने लावायचा स्वस्त स्प्रिंगचा हात तासाभरात खाली झुकतो. जमिनीवर उभा राहणारा साधा बूम स्टँड घ्या. टेबलावर हात आपटला तरी माइकला कळत नाही, हा आणखी एक फायदा. तीन-चार मीटरची चांगली केबल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जाते. नुट्रिकचे कनेक्टर आहेत का एवढं पाहा.

मग घ्यायचा कोणता?

दहा हजारांच्या आसपास: एटी२०२०. सरसर २०, पडदा छोटा, पण आवाज प्रामाणिक आणि बांधणी टिकाऊ. गाणं आणि वाद्यांसाठी मी हा निःशंकपणे सुचवते. एसई इलेक्ट्रॉनिक्सचा एक्स१ ए हाही याच पातळीवरचा, सरसर १६.

त्याच्या वर, पंधरा हजारांच्या आसपास एटी२०३५. माझ्या दृष्टीने बहुतेक घरांसाठी हाच खरा मधला मार्ग. सरसर १२, ८० हर्ट्झखालचं कापणारा लो-कट स्विच, जोराच्या आवाजासाठी १० डीबीचा पॅड (संकेत कमी करणारा स्विच), आणि शॉक माउंट सोबत येतो. एकेजीचा पी२२० एक इंची पडद्याचा आहे, सरसर १६, पॉडकास्टला छान.

वाचन, ध्वनिपुस्तकं किंवा नाजूक वाद्य हे मुख्य काम असेल तर वीस-पंचवीस हजारांपर्यंत जा आणि रोडचा एनटी१ घ्या. जुना एनटी१-ए सरसरीला तितकाच शांत आहे, पण वरच्या पट्टीत चढा. पातळ आवाजाच्या व्यक्तीने नवाच घ्यावा. लेविटचा एलसीटी ४४० प्युअर, सरसर ७, याच तोडीचा.

एका माइकमध्ये तीन-तीन पॅटर्न (कोणत्या दिशेचं ऐकायचं याचे पर्याय) असलेले मॉडेल मोहात पाडतात. घरी एकटं रेकॉर्ड करणाऱ्याला कार्डिऑइड पुरतो. समोरासमोर बसून दोघांची मुलाखत एकाच माइकवर घ्यायची असेल तरच फिगर-ऑफ-एट (समोरचं आणि मागचं दोन्ही ऐकणारा) उपयोगी. अन्यथा तेच पैसे चांगल्या कॅप्सूलला द्या. 'ट्यूब माइकचा (निर्वात नळी वापरणाऱ्या माइकचा) उबदारपणा' स्वस्तात मिळतो यावरही विश्वास ठेवू नका. या किमतीत ट्यूबने सरसर वाढण्याचीच शक्यता जास्त.

जीएसटी बिल घ्या, आणि त्यावर सीरियल नंबर आहे का पाहा. अधिकृत वितरकाकडचा नसलेला माल दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो, पण वॉरंटीला कोणी दारात उभं करत नाही. जुना माइक घेत असाल तर समोर बसून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. दमट हवेत वर्षानुवर्षं उघडा राहिलेला कंडेन्सर बाहेरून चकचकीत दिसतो आणि आतून कुरकुरतो.

खोका उघडल्यावर

परत करण्याची मुदत संपायच्या आत या चाचण्या करा. आधी केबल जोडा, हेडफोनचा आवाज शून्यावर न्या, मग ४८ व्होल्ट चालू करा आणि काही सेकंद थांबा. काढताना उलट: आधी ४८ व्होल्ट बंद, थोडं थांबून मग केबल.

माइकची पुढची बाजू ओळखा. बहुतेक लार्ज डायफ्राम माइक बाजूने ऐकतात. टोकाकडे तोंड करून बोलायचं नसतं. ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह किंवा ठिपका असतो ती समोरची. शंका असेल तर बोलता बोलता माइक हळूहळू फिरवा. मागच्या बाजूला आवाज स्पष्टपणे दूर आणि बारीक झाला पाहिजे. दोन्हीकडून सारखाच येत असेल तर कॅप्सूलमध्ये गडबड आहे.

मग माइक गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवा आणि नेहमीच्या गेनवर (इंटरफेसवर संकेत वाढवायच्या बटणाच्या पातळीवर) अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. एकसारखी मऊ सरसर चालेल. 'टक', 'चर्र', 'फट' असे मधूनच येणारे आवाज चालणार नाहीत. खालच्या पट्टीत सलग 'हूं' येत असेल तर माइकला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती बहुतेकदा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण असते, अर्थिंग नसलेल्या प्लगमधून आलेली. शेवटी फूटभरावर किल्ल्यांचा जुडगा हलवा. प्रत्येक किल्लीचा नाद सुटा ऐकू यावा; सगळ्याचा मिळून खरखरीत गोळा झाला तर वरच्या पट्टीत विकृती आहे.

खोलीसकट सगळं जुळलं का हे आकड्यात पाहायचं असेल तर ऑडिबलसाठी ध्वनिपुस्तकं स्वीकारणाऱ्या एसीएक्सची अट फार उपयोगी आहे: शांततेची पातळी उणे ६० डीबीच्या खाली, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान, आणि शिखर उणे ३ च्या वर नाही. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं मोजता येतं. रेकॉर्ड करताना २४ बिट ठेवा आणि मोठ्यात मोठा आवाज उणे १२ च्या आसपास जाईल इतकाच गेन द्या.

माइक कुठे ठेवायचा

बोलण्यासाठी वीतभर अंतर, गाण्यासाठी त्याच्या दीडपट. पॉप फिल्टर माइकपासून चार बोटं दूर. माइक ओठांच्या अगदी समोर ठेवण्याऐवजी किंचित वर किंवा बाजूला ठेवून तोंडाकडे वळवा, म्हणजे प-फ-भ ची हवा पडद्याशेजारून निघून जाते आणि आवाज मात्र पूर्ण मिळतो. फार जवळ गेलं की खालची पट्टी फुगते. नभोवाणीवरच्या निवेदकासारखा आवाज हवा असेल तेव्हा हे कामाला येतं, पण तार सप्तकात जाणाऱ्या गायकाला ते जड होतं.

कार्डिऑइड माइकची पाठ सगळ्यात बहिरी असते. खिडकी, लॅपटॉपचा पंखा, बंद न करता येणारा फ्रिज, जे सर्वात त्रासदायक असेल ते बरोबर माइकच्या पाठीमागे येईल असं बसा. स्टँड फिरवण्याला खर्च काहीच नाही आणि फरक लगेच ऐकू येतो.

पेटी वाजवत स्वतःच गाणाऱ्याला एकच माइक असेल तर तो कपाळाच्या उंचीवर ठेवून तोंडाकडे उतरता करा. पेटी खालून आपोआप तेवढी येते. ती जास्त वाटली तर माइक आणखी वर, कमी वाटली तर छातीकडे. नुसती पेटी घेताना भात्याची हवा टाळायला माइक भात्याच्या बाजूला नको. समोरून, दीड-दोन फुटांवर, थोडा वरून. तबल्यावर दीड फूट उंच, दायाँ-बायाँच्या मधोमध ठेवून सुरुवात करा आणि बायाँ घुमायला लागला की माइक दायाँकडे सरकवा. तानपुऱ्याचं ॲप फोनच्या स्पीकरवर लावून गाऊ नका. तो आवाज गळ्यासोबत चिकटून बसतो आणि नंतर वेगळा करता येत नाही. हेडफोनवर ऐका, आणि तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर मिसळा.

पावसाळ्यात

कोकण, गोवा, मुंबई इथल्या वाचकांनी हा भाग गांभीर्याने घ्यावा. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा कॅप्सूलवर बसतो, पडदा आणि चकतीमधला विद्युतभार झिरपू लागतो आणि रेकॉर्डिंगमध्ये पॉपकॉर्न फुटल्यासारखे आवाज येतात. माइक स्टँडवर उघडा ठेवू नका. काम झालं की हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळी जेल ओलावा शोषून गुलाबी झाली की बदला किंवा तापवून पुन्हा निळी करा. थंडगार एसीच्या खोलीतून माइक एकदम दमट हवेत नेला तर पडद्यावर बाष्प धरतं. डब्यातच ठेवून अर्धा तास जाऊ द्या, मग बाहेर काढा.

कुरकुर सुरू झालीच तर घाबरून दुरुस्तीला धावू नका. ४८ व्होल्ट लगेच बंद करा आणि माइक एक-दोन दिवस ताज्या जेलसोबत डब्यात बंद ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्याने आवाज पूर्ववत होतो. जाळी उघडून पडदा पुसणं, त्यावर फुंकर मारणं किंवा हेअर ड्रायर धरणं यांपैकी काहीही करू नका. काही मायक्रॉनचा तो पडदा एकदा सैल पडला किंवा फाटला की या किमतीच्या माइकमध्ये दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जातो.